काळ्या घोड्याला दर जुलैत येणारा बुरा: जुन्या तैलचित्रावर पांढरं परत परत का येतं

"मॅडम, काळ्या घोड्याला परत बुरा आला."

जुलैचा दुसरा आठवडा लागला की सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यातून हा फोन ठरलेला. गोठ्यातल्या जनावराबद्दल सांगावं तसा काकांचा आवाज. घोडा मात्र चित्रातला. चार फूट बाय तीन फुटांचं जुनं तैलचित्र, घोडदळाची लढाई. ओळीने तीन पावसाळे त्याच्यावर पांढरा थर आला, पुसला, परत आला. पहिली दोन वर्षं माझंही चुकलंच, कारण मीही चित्र पुढूनच बघत होते. जुनी चित्रं दुरुस्त करणं हे माझं काम, आणि हीच तक्रार कोकणातून, पुण्याच्या पेठांतून आणि मुंबईच्या जुन्या इमारतींमधून दर पावसाळ्यात येते. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी चित्राबद्दल. काकांच्या घरात त्याला 'पानिपत' म्हणतात. आजोबांनी तसं सांगून ठेवलंय, आणि पुरावा म्हणून पुढच्या स्वाराच्या छातीवरचा भगवा पट्टा. स्वाराच्या डोक्यावर रुंद काठाची, पीस खोवलेली टोपी आहे, हातात पिस्तूल आहे, तरी पट्टा भगवा म्हणजे आपलाच. खरं तर तो नारिंगी पट्टा सतराव्या शतकातल्या डच सैन्याचा. स्पेनविरुद्धच्या ऐंशी वर्षांच्या युद्धात (1568 ते 1648) डच स्वार नारिंगी पट्टा बांधत आणि स्पेनचे तांबडा. मधोमध उधळलेला पांढरा घोडा, त्याला लागून काळा, बाकी धूर आणि धूळ. हार्लेमच्या फिलिप्स वाउवरमनने (1619 ते 1668) असल्या झटापटी पुष्कळ रंगवल्या, आणि गर्दीत एक पांढरा घोडा ठेवायची त्याची सवयच होती. त्याच्या चित्रांच्या नकला पुढे दोनशे वर्षं होत राहिल्या. काकांचं चित्र त्यातलंच. कॅनव्हासच्या पाठीवर 'विन्सर अँड न्यूटन, रॅथबोन प्लेस' असा पुसट शिक्का आहे. ती लंडनची कंपनी निघाली 1832 मध्ये, तेव्हा कापड त्याच्या आधीचं असूच शकत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "असेल. पण आमच्याकडे ते पानिपतच." तो विषय मी तिथेच सोडला.

लढाईच्या चित्रात ही तक्रार जास्त का येते, तेही इथेच सांगते. असल्या चित्राची निम्मी जागा सावली, चिखल आणि धुराने व्यापलेली असते. गडद रंगावर पांढरं चटकन दिसतं. त्याच भिंतीवरच्या आजीच्या फिक्या रंगातल्या व्यक्तिचित्रावरही थर आलेला असतो, फक्त तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

तैलचित्र आहे का, हे आधी बघा

हसू नका. 'आमचं तैलचित्र' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत बरीचशी ओलिओग्राफ निघतात, म्हणजे कागदावरची छपाई. वरून व्हार्निश मारलेलं असतं आणि कॅनव्हाससारखी वीणही दाबून उठवलेली असते. रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातली चित्रं महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि युरोपातून आलेल्या अशा छापील लढायाही होत्या. घड्याळजीचं भिंग घ्या आणि चेहऱ्यावर धरा. रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. ब्रशचे फराटे आणि रंगाचा उंचवटा दिसला तर तैलचित्र. कागदाचं दुखणं वेगळं आणि त्याची दुरुस्तीही वेगळी, त्यामुळे पुढचं सगळं फक्त कॅनव्हासवरच्या तैलचित्राबद्दल आहे.

पांढरं म्हणजे कोणतं पांढरं?

लोक एकच शब्द वापरतात, पण ती चार वेगळी दुखणी असतात. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च चित्राच्या कडेला भिंतीसरसा धरा आणि प्रकाश आडवा पाडा. समोरून जे दिसत नाही ते असं दिसतं.

बुरशी असेल तर ठिपके दिसतील, गोल गोल वाढत गेलेले, आणि भिंगाखाली लोकरीसारखे तंतू. कुबट वास येतो. चित्राच्या पाठीवरही ती असतेच, आणि बहुतेक वेळा पुढच्यापेक्षा जास्त.

दुसरं, व्हार्निशवर येणारं धुकं. निळसर पांढरं आणि सारखं पसरलेलं, द्राक्षाच्या सालीवर असतं तसं. कापसाची काडी कोरडीच, अगदी हलक्या हाताने नखाएवढ्या जागेवर फिरवली तर थोडं निघतं, आणि चार-सहा दिवसांत परत येतं. ही परीक्षा जिथे रंगाला तडा नाही, पापुद्रा नाही, अशाच जागी करायची. शंका असली तर करूच नका.

तिसरं जास्त फसवं. पांढरेपण वर नसून आतच असतं. ओलाव्याने व्हार्निशमध्ये किंवा रंगाच्या थरात अतिशय सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्यांत प्रकाश विखुरतो आणि गडद रंग दुधाळ दिसायला लागतो. हे पुसून जातच नाही, कारण पुसण्यासारखं वर काही नसतं. लोक जोर लावतात आणि पांढऱ्याबरोबर घोड्याचा डोळाही घालवतात.

चौथं मेणचट. तेलातली स्निग्ध आम्लं हळूहळू वर येतात आणि गडद भागांवर पांढुरकी साय धरते. चित्राला वरून तेल चोळायची सवय असलेल्या घरांत याचा संशय आधी घ्यावा.

काकांच्या चित्रावर यातली पहिली तिन्ही होती, आणि चौथीची पेरणी घरचेच करत होते. दसऱ्याला शस्त्रपूजा. तलवार, कट्यार, भाल्याचं पातं पुसून तेलाचा हात फिरवायचा. चित्रही लढाईचंच, म्हणून उरलेल्या तेलाचा बोळा त्याच्यावरूनही फिरायचा. जवसाचं तेल. आजोबांच्या काळापासून. लावल्या लावल्या चित्र झळाळतं, घोड्याचा काळा रंग खोल दिसतो, सगळे खूश. पण ते तेल तिथेच राहतं, वर्षा दोन वर्षांत पिवळं पडतं, पुढे तपकिरी होतं, आणि मधल्या काळात घरातली धूळ, उदबत्तीची काजळी आणि बुरशीचे बीजाणू त्याला चिकटतात. टॉर्च आडवा धरला तेव्हा बोळा फिरवल्याच्या अर्धगोल रेघा स्वच्छ दिसल्या. उजव्या हाताच्या माणसाने, डावीकडून उजवीकडे, खालून वर.

फुली

तिसऱ्या वर्षी मी चित्र भिंतीवरून न उतरवता आधी दूर उभी राहून नुसती बघत बसले, आणि तेव्हा एक गोष्ट दिसली, जी आधीच दिसायला हवी होती. पांढरं सगळीकडे सारखं नव्हतं. खालच्या तिसऱ्या हिश्शात दाट, वर विरळ. आणि मधोमध एक उभा आणि एक आडवा पट्टा जवळजवळ स्वच्छ. पांढऱ्या धुक्यावर जणू कोणी फुली मारली होती.

कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिला मोठ्या चित्रात मधून आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. स्वच्छ फुली त्यांच्या बरोबर समोर होती. याचा अर्थ सरळ आहे. जिथे कापडाच्या मागे लाकूड होतं तिथे ओल कमी पोहोचली. ओल खोलीतून पुढून आली असती तर तिला मागच्या पट्ट्या कुठे आहेत ते काय माहीत? ती भिंतीतून येत होती, मागून. तीन वर्षं सगळे पुढून पुसत होते.

तुमच्या चित्रावर पांढरं आलं असेल तर ते पुसण्याआधी त्याचा आकार बघा आणि फोटो काढा. फुली किंवा कडेची स्वच्छ चौकट दिसली तर कारण भिंत. सगळीकडे सारखं असेल तर खोलीची हवा. एकाच बाजूला असेल तर खिडकी, पन्हळ, नाहीतर पलीकडचं न्हाणीघर. पुसलंत की हा पुरावा गेला.

मग मोजमाप. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा टक्क्यांत मोजणारं यंत्र, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, दोन घ्या. एक खोलीच्या मध्यावर ठेवा, दुसरा चित्राच्या मागे, चौकटीच्या खालच्या पट्टीवर अलगद टेकवून. दिवसातून तीनदा आकडे लिहून ठेवा. काकांच्या सुनेने आठवडाभर गॅसच्या कॅलेंडरवर लिहिले: खोलीत 70 ते 74, चित्रामागे 84 ते 89. बुरशीला साधारण 65-70 च्या वर मुक्काम मिळाला की पुरतो. संग्रहालयं 50 च्या आसपास ठेवायला धडपडतात. आपल्याकडे साध्या घरात ते जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती चित्रामागचा आकडा खोलीच्या आकड्यापर्यंत उतरवायची.

सैल पडलेला कॅनव्हास आणि हातोडी

पांढऱ्याबरोबर दुसरी तक्रार हमखास असते: "कॅनव्हास लोंबतोय." आणि घरात कोणीतरी हुशार माणूस असतोच, ज्याला चौकटीच्या कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी माहीत असतात. त्या ठोकल्या की चौकट फाकते आणि कापड ताणलं जातं. काकांच्या भाच्याने दोन पावसाळे ठोकल्या. इथे जरा थांबून सांगते, कारण चित्रांचं सगळ्यात मोठं नुकसान मी याच एका कामाने झालेलं पाहिलंय.

ताणून धरायचं काम कापड करतं असं आपल्याला वाटतं. जुन्या चित्रात ते काम बहुतांशी सरस करतो. लिनन कापडावर रंगाआधी जनावराच्या कातड्याच्या-हाडाच्या सरसाचा हात देत. कोरड्या हवेत सरस आकसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताण धरतो. दमट हवेत तो मऊ पडतो, ताण सोडतो आणि चित्र लोंबतं. म्हणजे जुलैतली सैल ही चित्राची त्या महिन्यातली अवस्था आहे, बिघाड नाही. त्या अवस्थेत तुम्ही पाचरी ठोकून त्याला टणक केलंत, तर डिसेंबरात सरस आकसताना त्याला सरकायला जागा कुठे? मग ताण रंगावर जातो. रंग दीडशे वर्षांचा, काचेसारखा कडक. त्याला तडे जातात आणि तड्यांच्या कडा वाटीसारख्या वर उचलतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच तड्यांतून ओल आत शिरते, सरस आणखी सुटतो, पांढरं आणखी वाढतं.

याच्या पुढचीही एक पायरी आहे. आर्द्रता 80-85 च्या वर गेली की लिननचे धागे स्वतः फुगतात. फुगलेला धागा जाड होतो, विणीत जास्त वळसे घेतो आणि कापड आखडतं. खाली कापड आखडतंय, मधला सरस मऊ पडलाय, आणि वरचा रंग आखडायला तयार नाही. मग रंग तंबूसारखा उभा राहतो. काकांच्या चित्रात खालच्या डाव्या कोपऱ्यात, पडलेल्या शिपायाच्या बुटापाशी, असे तीन छोटे तंबू होते. बोटाने दाबले असते तर चुरा झाला असता.

मोठ्या संग्रहालयांची यातून सुटका नाही. रेम्ब्रांटचं 1642 मधलं 'नाइट वॉच' ॲम्स्टरडॅमला रिक्सम्युझियममध्ये इतक्या देखभालीत आहे, तरी त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कॅनव्हासला लाटा आल्या. शेवटी 2022 मध्ये जुनी लाकडी चौकट काढून दुसरी, लाकूड नसलेली चौकट बसवावी लागली. त्याच चित्राला 1851 मध्ये मागून मेण-राळ लावून दुसरं कापड चिकटवलं होतं. ओल आत येऊ नये म्हणून मेण, हा त्या काळचा डच उपाय. आपल्याकडेही जुन्या काही चित्रांना तो केलेला आढळतो. पावसाळ्यात तो साथ देतो खरा, पण मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत मेण मऊ पडलं की सगळी धूळ जिरवून घेतो.

आणि घोडदळाच्या लढाईचं एक फार गाजलेलं चित्र रंग वाळेना म्हणून अर्धवट राहिलं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोत लिओनार्दो दा विंची 1440 ची अंगियारीची लढाई भिंतीवर रंगवत होता, तेलात, ओल्या गिलाव्यावरची नेहमीची रीत सोडून. त्याने स्वतःच टिपून ठेवलंय: 6 जून 1505, शुक्रवार, ब्रश लावायला आणि हवा बिघडायला एकच गाठ पडली, आराखड्याचा कागद फाटला, पाण्याचं भांडं फुटलं आणि संध्याकाळपर्यंत धो धो पाऊस पडला. पुढे रंग वाळेना, शेकोटी पेटवून वाळवायला गेले तर खालचं वाळलं आणि वरचं ओघळलं असं सांगतात. मग त्याने काम सोडून दिलं. काकांना ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे आपल्या एकट्याचंच नाही," म्हणाले.

चित्र उतरवलं तेव्हा

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, चित्र उतरवलं. भिंत पश्चिमेची, पावसाची झड थेट अंगावर घेणारी. जुना वाडा दगड-चुन्याचा. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि सोडतोही. पंधराएक वर्षांपूर्वी आतून तो खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला होता, 'धुवायला सोपं' म्हणून. बाहेरून दगडात पाणी मुरत राहिलं, आत बाहेर पडायची वाट बंद झाली, आणि जिथे रंगाचा पापुद्रा निघाला होता तिथून ओल यायला लागली. ती जागा नेमकी चित्राच्या मागे. चित्र होतं म्हणूनच पापुद्रा कोणाला दिसला नाही.

पाठ बघितली. जुनं चित्र दोरीने वरून पुढे झुकवून टांगलेलं असतं, त्यामुळे पाठ म्हणजे उघडी पेटी. खालच्या पट्टीत आणि कॅनव्हासच्या फटीत काय नव्हतं? गिलाव्याची भुकटी, पालीच्या अंड्यांची टरफलं, एक सुपारी, आणि कधीतरी निखळून पडलेली पाचर. या सगळ्याचा खाली ओलसर लगदा झाला होता आणि पुढून तिथे कॅनव्हासला टेंगूळ आलं होतं. 'खालची कडा फुगलीय' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत निम्म्यांचं औषध हा कचरा काढणं एवढंच असतं. मऊ ब्रश, पोस्टकार्ड, आणि घाई नाही.

खरी मेख त्याच्याही खाली होती. पूर्वी कधीतरी कॅनव्हास फाटला होता, तेव्हा कोणीतरी मागून मांजरपाटाचं ठिगळ लावलेलं, मैद्याच्या खळीने. हातभर लांब ठिगळ. बुरशीला यापेक्षा चांगलं ताट कोण वाढणार? काळ्या घोड्याच्या पोटावरचा बुरा बरोबर त्या ठिगळाच्या आकाराचा होता.

काय केलं

पहिलं, चित्र त्या भिंतीवर परत लावलं नाही. आतली, देवघर आणि माजघर यांच्या मधली भिंत निवडली. तिच्या दोन्ही अंगांना घरच आहे. निम्मं काम तिथेच झालं. तुमच्याकडे दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे, आणि वरही तेवढंच अंतर राहील असं टांगा. मागून हवा फिरली पाहिजे.

दुसरं, ठिगळ आणि खळ मी कार्यशाळेत काढली, तंबू बसवले, बुरशी काढली. हे घरी करायचं काम नाही, म्हणून त्याच्या तपशिलात जात नाही. घरी फार तर एवढं करा: बुरशी दिसली तर चित्र इतर चित्रांपासून आणि पुस्तकांपासून लांब, कोरड्या खोलीत नेऊन ठेवा. तोंडावर एन-95 मास्क लावा. पाठीवरची वाळलेली बुरशी मऊ ब्रशने व्हॅक्यूमच्या नळीकडे झाडा, नळी कापडाला न लावता. पुढच्या बाजूला हात लावू नका.

तिसरं, पाठ झाकली. सनपॅकची शीट, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते पोकळ प्लॅस्टिकचं पुठ्ठ्यासारखं पान, चौकटीच्या मापाने कापून लाकडाला स्क्रूने बसवलं. कॅनव्हासला ते लागत नाही. खिळे ठोकायचे नाहीत, हादऱ्याने रंग झडतो. याने मागच्या हवेतले चढउतार मंदावतात, कचरा पडत नाही आणि पाल येत नाही. पण हे कोरड्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत करायचं. ओला कॅनव्हास झाकलात तर आत बुरशीचं पाळणाघर होईल.

पाचरी? त्यांना हात लावला नाही. फक्त पडलेली परत कोपऱ्यात बसवली आणि त्या पुन्हा निखळू नयेत म्हणून सैलसर दोऱ्याने बांधल्या. मार्चमध्ये ताण बघितला, ठीक होता.

दसऱ्याच्या तेलावर बोलणी करावी लागली. घरातल्या रीतीला 'बंद करा' म्हणायचं माझ्या जिवावर येतं. शेवटी काकूंनीच तोड काढली: चित्राला हळदकुंकू नाही, तेल नाही, समोर पाटावर झेंडूचं फूल ठेवायचं. जुन्या तेलाचा आणि पिवळ्या व्हार्निशचा थर काढायचं काम वेगळं आहे, ते अजून सुरू आहे. एका चौकोनात थर काढून बघितला तेव्हा नारिंगी पट्टा आणखी भगवा निघाला. काकांनी माझ्याकडे फक्त बघितलं.

घरगुती उपायांबद्दल, थोडक्यात

कापलेला बटाटा, कांदा, लिंबू, ब्रेड: यातलं काहीही नको. बटाट्याने चित्र स्वच्छ दिसतं ते ओलाव्यामुळे, आणि मागे राहतो तो स्टार्च, पुढच्या बुरशीची सोय. ओला फडका तड्यांतून थेट सरसापर्यंत पोहोचतो.

ऊन दाखवू नका. गाद्या आणि पापड उन्हात ठेवतो तसं चित्र ठेवलं की कॅनव्हास तासाभरात तडतडून आकसतो आणि उचललेला रंग सुटतो. एका घरात अंगणात पडलेले रंगाचे कण मी चिमट्याने वेचलेत.

ओव्याच्या फुलाची पुरचुंडी मागे लावतात. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल. बुरशी त्याने मरते हे खरं, पण तेलरंग आणि व्हार्निशही मऊ पडतं.

एसी रात्री चालू आणि दिवसा बंद, हे न लावण्यापेक्षा वाईट. रोज एकदा कोरडं, एकदा ओलं. त्यापेक्षा पंखा मंद आणि सतत, खिडक्या पावसाच्या दिवशी बंद आणि उघडीप मिळाली की उघड्या. परवडत असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, 60 च्या आसपास लावून, पाणी रोज ओतायची आठवण ठेवून.

कधी स्वतः काहीच करू नये

रंग उचललेला, सुटत असलेला, किंवा खाली कण पडलेले दिसले तर चित्र उभं ठेवू नका, रंग वर करून आडवं ठेवा, कण पाकिटात जपून ठेवा आणि फोन करा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, त्यांच्याकडे टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रंही आहेत, तेव्हा या हवेत असली चित्रं कशी वागतात ते त्यांना रोजचं आहे. फ्रेमवाल्याकडे 'पॉलिश मारून द्या' म्हणून चित्र टाकून येऊ नका, एवढी विनंती.

परदेशातल्या मुलाकडे चित्र न्यायचा विचार असेल तर तेही आत्ताच ऐका. शंभर वर्षांवरचं चित्र 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. काकांचा धाकटा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिथली हवा कोरडी म्हणून चित्र तिकडे पाठवावं, असा बेत घरात शिजत होता.

यंदा जुलैत फोन आला, पण दुसऱ्या आठवड्यात नाही, शेवटच्या. सूनबाईंनी कॅलेंडरचा फोटोही पाठवला होता: खोलीत 72, चित्रामागे 73. काळा घोडा काळाच होता. धुकं फक्त उजव्या वरच्या कोपऱ्यात होतं, तळहाताएवढं, ढगांवर. मी विचारलं, त्या कोपऱ्याच्या वर माळ्यावर काय आहे? काका जिना चढून गेले, फोन चालूच होता. वर कौल सरकलं होतं आणि खाली लावलेली बादली भरून वाहत होती.

"कौलं शाकारणारा गणपतीनंतर येतो म्हणालाय," काका म्हणाले. तोपर्यंत चित्र माजघरातल्या कपाटाला टेकवून, आडव्या चादरीमागे ठेवलंय. बादली दिवसातून दोनदा उपसतात.